हाताने दाखवलेलं माप

माझ्या धंद्यात तोंड बंद ठेवायचे पैसे मिळतात असं मी सांगते, तेव्हा मला ओळखणारे सगळे हसतात. हसू देत. मी घटकाभर गप्प बसले तर लोक कपाळाला हात लावून ताप बघतात, इतकी माझी कीर्ती. पण खरं आहे ते. संग्रहालयासाठी एखादं नवं टेबल, फिरवायचं चाक, ओढायचा खण तयार झाला की आम्ही त्याची चाचणी घेतो. ओळखीची-अनोळखी माणसं बोलावतो, त्यांना त्या वस्तूसमोर उभं करतो आणि आपण मागे खुर्ची टाकून बसतो. बोलायचं नाही. माणूस चाक उलटं फिरवतोय, फिरवू दे. ओढायचा खण ढकलत बसलाय, ढकलू दे. "अहो, तसं नाही" हे शब्द जिभेच्या टोकावर येतात, ते तिथेच गिळायचे. कारण उद्घाटन झाल्यावर रोज तिथे उभी राहून सांगायला मी असणार नाही. जे काय सांगायचं ते वस्तूनेच सांगायला हवं.

तेव्हा आमचं काम चाललं होतं ते ग्राफिक डिझाइनच्या संग्रहालयाचं. "म्हणजे नक्की काय गं ठेवणार तिथे?" असं शेजारच्या काकू मला जिन्यात अडवून विचारायच्या. मी म्हणायचे, काकू, तुमच्या औषधाच्या बाटलीवर चमच्याचं चित्र आहे ना, ते कुणीतरी काढलंय. बसचं तिकीट कुणीतरी आखलंय. काडेपेटीवरचं फूल, दवाखान्याच्या भिंतीवरचा बाण, साबणाच्या वेष्टनावरचं तिरकं अक्षर, हे सगळं कुणीतरी टेबलाशी बसून, खोडून, पुन्हा काढून ठरवलंय. ते आम्ही मांडणार. काकू म्हणाल्या, "बाई बाई, काडेपेट्या बघायला कोण तिकीट काढणार?" म्हणूनच तर मला बोलावलं होतं. नुसत्या काचेमागच्या काडेपेट्या बघायला कुणी येत नाही. हाताला काहीतरी करायला द्यावं लागतं.

त्यातलं मला सगळ्यात आवडणारं काम म्हणजे चिन्हांचं टेबल. टेबलाच्या दोन बाजूंना दोन माणसं, मध्ये उभी फळी, म्हणजे एकमेकांचं दिसू नये. एकाने गठ्ठ्यातून पत्ता उचलायचा. पत्त्यावर एखादा निरोप: "पुढे खोल पाणी आहे", "इथे डॉक्टर मिळतील", "आवाज करू नका". मग समोरच्या लोखंडी पत्र्यावर लाकडी चुंबकी आकार लावून त्या निरोपाचं चिन्ह बनवायचं. गोल, पट्ट्या, त्रिकोण, चौकोन, बस्स. अक्षर लिहायचं नाही, तोंडाने बोलायचं नाही. झालं की फळी खाली पाडायची आणि पलीकडच्याने ओळखायचं. ओळखलं तर दोघंही लहान मुलांसारखी टाळ्या देतात, नाही ओळखलं तर भांडतात. दोन्ही मला चालतं.

आणि त्याच दिवसांत माझी लेक येणार होती.

तिला मी ठिपकी म्हणते. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून. ती सात वर्षांची असताना तिच्या बाबाला दूरच्या देशात नोकरी लागली. आमचं दोघांचं तोवर जमेनासं झालं होतं, भांडायचीसुद्धा हौस उरली नव्हती. तिथली शाळा चांगली, तिची आत्या तिथेच, आणि माझं काम असं की आज या गावात प्रदर्शन तर उद्या त्या. सगळ्यांनी मिळून, शहाण्यासारखं ठरवलं. शहाण्यासारख्या ठरवलेल्या गोष्टींची एक अडचण असते, राग कुणावर काढायचा ते कळत नाही. मधे एकदा तिचं येणं ठरलं आणि तिला कांजिण्या झाल्या. एकदा मी जाणार होते, तर व्हिसा नाकारला. वर्षं अशीच गेली. दर रविवारी फोनवर तिचा चेहरा दिसायचा. दात पडलेला चेहरा, दात आलेला, मग चष्मा लागलेला, मग गालावर एक पुटकुळी आलेला आणि त्यामुळे रडवेला. सगळं बघितलं मी. पण फोनमध्ये माणसाला पाय नसतात.

आता ती तेरा वर्षांची झाली होती. तिच्या बाबाने मला फोन केला. त्याचं दुसरं लग्न झालंय, एक मुलगाही आहे, नुकता चालायला लागलेला. ठिपकी त्याला बटाट्या म्हणते. तो मला म्हणाला, "पुढची शाळा तुझ्याकडे करायची की इथे, ते तिने ठरवावं. सुट्टीभर तुझ्याकडे राहू दे. मी तिला एक शब्द बोललेलो नाही. तूही विचारू नकोस. तुझ्या त्या चाचणीसारखं समज."

मी म्हटलं, "मला माझा धंदा शिकवू नकोस." पण फोन ठेवल्यावर ते खरं डोक्यात शिरलं. म्हणजे ती राहू शकत होती! कायमची. सकाळी तिला उठवायचं, तिच्यावर ओरडायचं, तिची हरवलेली चप्पल शोधायची, हे सगळं परत होऊ शकत होतं. मला दुसरं काही नको होतं. एखाद्याला मुलाची बाकीची वर्षं मिळावीत असं वाटणं फार नाही, असं मी स्वतःला सांगायचे, आणि मग लगेच भीती वाटायची.

त्याच आठवड्यात मी सुतारमामांच्या कारखान्यात गेले. संग्रहालयाच्या मागच्या आवारात त्यांची शेड होती, सगळीकडे प्लायवूड आणि फेव्हिकॉलचा वास. मामा म्हणजे मोठं प्रस्थ. "ताई, माझा डोळा हीच टेप," असं दिवसातून दहादा सांगणार, आणि चष्मा मात्र कायम घरी विसरणार. मी ड्रॉइंग पसरलं तर त्यांनी त्यावर चहाचा ग्लास ठेवला.

"ते राहू दे. तोंडी सांगा. टेबल कुणासाठी?"

"मोठ्यांनाही चालायला हवं, पण मुख्य म्हणजे मुलांना. मुलांना हात पोचला पाहिजे."

"केवढी मुलं?"

"एवढी," मी म्हटलं आणि हवेत तळहात आडवा धरला.

मामांनी लगोलग टेप काढली, जमिनीपासून माझ्या तळहातापर्यंत ताणली. "आणि टेबल त्यांच्या कमरेशी?"

"हो, कमरेशी."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढून आकडा लाकडावरच लिहिला. ड्रॉइंगवर दुसराच आकडा होता, पण तो ग्लासाखाली होता, आणि मी खुळ्यासारखी खिडकीतून बाहेर बघत ठिपकीच्या खोलीला पडदे कुठल्या रंगाचे घ्यावेत याचा विचार करत होते.

टेबल तयार होऊन आलं तेव्हा मला ते फार गोड वाटलं. जरासं ठेंगणं, गुबगुबीत. संग्रहालयाच्या संचालकबाई त्याच्याभोवती फेरी मारून म्हणाल्या, "बुटकं नाही वाटत?" मी म्हटलं, "मॅडम, मुलांसाठी आहे." त्या म्हणाल्या, "मुलांना घेऊन येणारे पण येतील ना?" मी मान डोलावली आणि मुळीच ऐकलं नाही. कामात मी एरवी अशी नाही. एका खिळ्यासाठी मी लोकांच्या डोक्याचा भुगा करते.

विमानतळावर मी वेळेच्या कितीतरी आधी जाऊन उभी राहिले. दार उघडलं, माणसं सामानाच्या गाड्या ढकलत बाहेर यायला लागली. मी गर्दीत तिला शोधत होते. या बाईमागे, त्या पेटीमागे, एका गृहस्थाच्या कोटाआड. सापडेना. तोंडचं पाणी पळालं. विमानात बसलीच नाही की काय? तेवढ्यात कानाशी कुणीतरी म्हणालं, "आई."

वळून बघितलं तर एक उंच मुलगी, चष्म्यातून हसत होती. माझ्याएवढी. कदाचित बोटभर जास्तच. मी तिला मिठी मारली तर तिची हनुवटी माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली. मी तोवर खाली, लोकांच्या कमरेशी तिला शोधत होते, हे मला तेव्हा कळलंसुद्धा नाही. मी आपली रडत होते आणि ती माझ्या पाठीवर हलकेच थोपटत होती, जसं आपण दुसऱ्याच्या आजीला थोपटतो.

घरी तिची खोली मी जीव ओतून लावली होती. दिवा डाव्या हाताला, कारण ती डावखुरी. पुस्तकं हाताशी, आरसा उजेडात, खुंटीवर एक नवी पिशवी. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "किती छान. थँक्यू आई."

थँक्यू! मग पाण्याच्या ग्लासाला थँक्यू, टॉवेलला थँक्यू, दुसऱ्या दिवशी उकडलेल्या अंड्यालासुद्धा थँक्यू. मला म्हणावंसं वाटलं, अगं, मी तुझं नाक पुसलंय, अंड्याचं काय घेऊन बसलीस. पण गप्प बसले. सुट्टीभर मी गप्प बसायला शिकत होते. ती पुस्तक काढायची, वाचायची आणि जिथून काढलं तिथेच, तसंच परत ठेवायची. पलंगावर चादरीला सुरकुती नाही. हे मला नको होतं. चाचण्यांमधून मला एक कळलंय: ज्या माणसाला एखादी वस्तू आपली वाटते, तो ती अस्ताव्यस्त टाकून जातो. जो सगळं नीट जागच्या जागी ठेवतो, तो पाहुणा असतो.

दुपारी तिच्या दाराआडून हसू ऐकू यायचं. फोनवर बटाट्या असायचा. "अरे, तो चमचा आहे, कानात नाही घालायचा," असं ती त्याला सांगायची, आणि तिचा आवाज इतका वेगळा लागायचा, घरच्या माणसाशी बोलताना लागतो तसा. मी बाहेर कपडे वाळत घालत उभी असायचे. एक टॉवेल वाळत घालायला मला फार वेळ लागायचा.

तरी आमचं जमत नव्हतं असं मुळीच नाही. एकदा बाजारात तिने एका दुकानाच्या पाटीकडे बघून नाक मुरडलं. "आई, त्या अक्षरांना श्वासच घेता येत नाहीये. किती चिकटवलीत!" मी रस्त्यात थांबले. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या बाबाला तर लाल आणि केशरी यातला फरक सांगावा लागतो. मी म्हटलं, "हे तुझं माझ्याकडून आलंय बरं का." ती म्हणाली, "मग नाकही तुझ्याकडूनच आलंय, त्याचं काय करू?" आम्ही दोघी हसत सुटलो. पुढे अख्खा रस्ता आम्ही पाट्यांना नावं ठेवत गेलो. न्हाव्याच्या पाटीला तिने नापास केलं, चाव्या बनवणाऱ्याला पहिला नंबर दिला. त्या दिवशी ती अंड्याबिंड्याला थँक्यू म्हणाली नाही. मला वाटलं, राहील. राहील ही.

चाचणीच्या दिवशी तिने आपणहून विचारलं, "मी येऊ?"

सकाळी हॉलमध्ये ऊन आलं होतं. जवळपासची माणसं बोलावली होती: एक निवृत्त पोस्टमन, कॉलेजातल्या दोन मैत्रिणी, आमच्या काकू, आणखी कोणी कोणी. मुलं घेऊन एक बाई येणार होत्या, त्या आल्याच नाहीत. मी मागे खुर्ची टाकली आणि तोंडाला कुलूप लावलं.

पोस्टमन टेबलाशी गेले, पत्ता उचलला आणि वाकले. फार वाकले. एक गोल लावला, मग सरळ होऊन कमरेवर हात ठेवला. "पाठ धरली बुवा," ते म्हणाले. कॉलेजातल्या मुली वाकल्या, केस टेबलावर पडले, हसून बाजूला झाल्या. काकू तर म्हणाल्या, "अगं, हे टेबल आहे की पाट? मी सरळ बसूनच घेते खाली." आणि बसल्या. बसल्यावर त्यांना वरचा पत्राच दिसेना. मी खुर्चीत नखं कुरतडत होते. उंचीचा घोळ आहे हे आंधळ्यालाही दिसलं असतं, पण का झालाय ते मला दिसत नव्हतं. सुतारमामा दाराशी हाताची घडी घालून उभे होते. चूक लोकांच्या पाठीची आहे, असा त्यांचा चेहरा.

मग ठिपकीची पाळी आली. पलीकडे सकाळपासून संचालकबाईच होत्या. ठिपकी आधी वाकली, मग पाय फाकवून उभी राहून बघितलं, शेवटी चक्क गुडघ्यांवर बसली. पत्ता उचलला. माझ्या खुर्चीवरून मला तो दिसत होता: "इथे वाट पाहा".

हा पत्ता सकाळपासून तिघांना आला होता. तिघांनीही घड्याळ केलं होतं, गोलात दोन पट्ट्या, आणि संचालकबाईंनी दर वेळी "वेळ काय झाली?" असंच ओळखलं होतं. ठिपकीने गोलांना हातच लावला नाही. क्षणभर नुसती बघत राहिली. मग सगळ्यात मोठा चौकोनी आकार उचलून पत्र्यावर उभा लावला. झालं दार. मग डब्यात बोटं फिरवून सगळ्यात छोटा गोल शोधला आणि तो दाराच्या पायाशी, अगदी खाली, ठेवला. एवढंच. बाकी सगळा पत्रा रिकामा सोडला.

फळी पडली. संचालकबाई बघत राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "कुणीतरी दाराशी बसलंय. वाट बघत."

कॉलेजातल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.  मी या कामात केस पिकवलेत, आणि इतकं साधं चिन्ह मला सुचलं नसतं. पण कौतुक नंतरचं. माझ्या मनात आलं ते हे, की ती मी आहे. दाराशी बसलेली मी. हिला कळतंय! थँक्यू थँक्यू करत हिने सगळं बघितलंय, टॉवेल वाळत घालताना दाराबाहेर उभी असलेली मी हिला दिसलेय. आयुष्यभर चिन्हं वाचूनच पोट भरणाऱ्या बाईने हे चिन्ह असं वाचलं, आणि तिथे खुर्चीत बसल्या बसल्या मी लेकीचं नाव शाळेत घातलंसुद्धा. बूट घेतले, वह्यांना कव्हरं घातली. मला इतकं हलकं कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

माणसं चहा पिऊन गेली. संचालकबाई मात्र टेबलाशी उभ्याच होत्या.

"चिन्ह उत्तम, खेळ उत्तम," त्या म्हणाल्या. "पण हे टेबल कुणाच्या मापाचं आहे? मला एकदा कळू दे."

"ड्रॉइंगमध्ये माप बरोबर आहे," मी म्हटलं.

"ड्रॉइंगचं काय सांगता!" सुतारमामा उसळले. "माझं माप केसभर चुकत नाही. ताईंनी स्वतः हात धरला होता, त्या हाताला टेप लावली मी."

"मी कुठे हात धरला? मी नुसतं सांगत होते की एवढी..." असं म्हणत मी हात पुढे केला, आणि तो गेला तो थेट त्याच उंचीवर जाऊन थांबला. आपणहून. मामा म्हणाले, "बघा! तोच!" मी हाताकडे बघितलं. तळहात जरा गोलसर झाला होता, बोटं किंचित वाकली होती. असा हात कुणी टेबलाचं माप दाखवायला धरत नाही. असा हात डोक्यावर ठेवतात. सात वर्षांच्या, आत्ताच खेळून आलेल्या, केस घामेजलेल्या मुलीच्या डोक्यावर.

मी माझ्या लेकीच्या मापाचं टेबल केलं होतं. जी लेक आता नव्हती, तिच्या.

ठिपकी बाजूलाच उभी होती. माझा हात तिच्या कमरेच्या जरासाच वर, हवेत होता. तिने हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मी एवढी होते?" तिने विचारलं.

मी मानेनेच हो म्हटलं.  संचालकबाई शहाण्या, त्यांना लगेच काहीतरी काम आठवलं. जाताना एवढंच म्हणाल्या, "मामा, पाय उंच करून घ्या. मधलं माप धरा, ना मोठ्यांचं ना पोरांचं."

"ही पोरगी मधली आहे," मामा म्हणाले. "आता कागद नको नि हात नको, मी माणूस उभा करूनच मोजणार. ये गं इकडे. ताठ उभी राहा. कोपर दुमड. हं, असं. आता हलायचं नाही. ताई, माझे गुडघे गेलेत, तुम्ही टेपचं टोक खाली धरा."

मी खाली बसले. टेपचं पत्र्याचं टोक तिच्या बुटापाशी जमिनीला लावलं आणि अंगठ्याने दाबून धरलं. किती मोठे बूट होते. मामा वर तिच्या कोपराशी खटपट करत होते. चष्मा नसल्याने आकडा कधी जवळ धरून बघायचे, कधी लांब. आणि मी विचारणार नव्हते. मी तिच्या बाबाला शब्द दिला होता, माझा धंदाच मुळी न विचारण्याचा. पण तिथे तिच्या पायाशी बसल्यावर, ते दार आणि तो छोटा गोल डोळ्यांसमोर असताना, मला राहवलं नाही.

"ठिपके, राहशील ना गं माझ्याकडे?"

 तिने मामांना विचारलं, "मी बोलले तर चालेल का?"

"बोल की. नुसतं हलू नकोस."

"नाही गं, आई," ती म्हणाली. "मी नाही राहणार."

मी बुटाच्या नाडीकडे बघत राहिले.

"मला ते फोनवर सांगायचं नव्हतं," ती म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता, पण ती ताठ उभी होती. "म्हणून आले मी. समोर सांगायचं होतं. रोज ठरवत होते आज सांगू म्हणून, आणि तू रोज इतकं काय काय करत होतीस. आई, बटाट्या मला शोधतो गं. मी नुसती शाळेत गेले तरी तो जाऊन दाराशी बसतो. कुणी उचललं तर रडतो. बाबा म्हणाला, आत्ता पण रोज बसतोय."

तर ते दार त्याचं होतं. सगळ्यात छोटा गोल. साधी गोष्ट होती, काकूंनाही कळली असती. डब्यात बोटं फिरवून तिने मुद्दाम सगळ्यात छोटा शोधला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं.

"मीपण बसते, ठिपके," मी म्हटलं. "मीपण दाराशीच बसलेली असते गं."

"माहीत आहे मला." ती रडायला लागली होती, एक थेंब माझ्या मनगटावर पडला. "पण तुला कळतं ना, मी कधी येणार ते. मी सांगितलं की तुला कळतं. त्याला अजून काहीच कळत नाही. त्याला वाटतं मी गेलेच."

 मलाही तसंच वाटायचं, प्रत्येक रविवारी फोन ठेवला की. पण मी मोठी होते. मला कळतं असं तिने धरलं होतं, आणि ते तिचं माप मला चुकवायचं नव्हतं. मी म्हटलं, "हो गं. मला कळतं."

"ताई, टोक सरकलं तुमचं," मामा वरून म्हणाले. आमचं काहीच ऐकलं नाही असा चेहरा त्यांनी केला होता, आणि पेन्सिल शोधायच्या निमित्ताने तो भिंतीकडे वळवला होता. "छे, आकडा गेला. पुन्हा मोजावं लागणार. की राहू दे? साधारण कळलंय मला."

"नको, साधारण नको," मी म्हटलं. मी टेपचं टोक तिच्या बुटाशी परत नीट लावलं. "पुन्हा मोजा. सावकाश मोजा."

ठिपकीने बाहीने डोळे पुसले, कोपर दुमडलं आणि ती पुन्हा ताठ उभी राहिली.